बिघाड नसलेलं यंत्र

महाप्याच्या आमच्या दुरुस्तीच्या गाळ्यात ती बाई एकदाच आली. पाण्याखालचे आवाज टिपणारा मायक्रोफोन तिने ओढणीत गुंडाळून आणला होता. दूर उत्तरेकडे समुद्राला मिळणाऱ्या एका हिमनदीवर ती संशोधन करायची.

"बिघडलाय दादा. यंदा काहीच ऐकू येत नाही."

तिने आधी जुनं रेकॉर्डिंग लावलं. लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट झाला. "बर्फ समुद्रात वितळताना आतली हवा सुटते. कित्येक पिढ्यांपूर्वी कोंडलेली," ती म्हणाली. ऐकताना तिने श्वास रोखून धरला होता. मग यंदाचं लावलं. नुसती शांतता.

मी मायक्रोफोन बादलीतल्या पाण्यात सोडला आणि बादलीवर नख ओढलं. स्पीकरमधून ते खरवडणं इतकं मोठ्याने आलं, की आम्ही दोघंही दचकलो.

"मॅडम, यंत्र चांगलं आहे."

ती पाण्याकडे बघत राहिली. "म्हणजे हिमनदी मागे सरली. आता समुद्राला शिवतच नाही." मग हळूच म्हणाली, "पुन्हा बघा ना. काहीतरी बिघाड असेलच."

मी यंत्र पुन्हा उघडलं. तोवर ती यंदाचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकत बसली. डोळे मिटून अधूनमधून मान हलवत होती, कुणी तिच्याशी बोलत असल्यासारखी. बिघाड सापडला नाही, हे सांगायचा मला धीर होईना.