काशीगावच्या वर्गाचं मोजमाप

ज्या साहेबांनी आमचा वर्ग निकामी ठरवला, ते वर्गात एकूण पाऊण तास बसले होते. त्यातली दहा मिनिटं चहात गेली. हे सांगताना माझा आवाज अजून चढतो, आणि तो चढू नये असं मला वाटतही नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गिरगावातली खोली दिरांकडे सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. नवरा फोर्टातल्या एका कचेरीत होता. मुलगी शाळेत जायला लागली, दुपार रिकामी पडायला लागली, तशी मी एका छोट्या संस्थेत काम करू लागले. संस्था म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या घरातलं एक लोखंडी कपाट आणि आम्ही तिघी कार्यकर्त्या. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. माझ्याकडे जवळच्याच काशीगावातला बायकांचा साक्षरता वर्ग होता. एका घराच्या पडवीत दुपारी दोन ते चार आम्ही बसायचो. शेतावरून, भाजी विकून, धुणी आटपून बायका यायच्या आणि पाटीवर अक्षरं गिरवायच्या.

मुंबईतला एक ट्रस्ट या वर्गाला मदत द्यायचा. त्यांचे साहेब पाहणीला आले ते गाडीतून, हातात छापील फॉर्म घेऊन. पहिल्या रांगेत एक विधवा मावशी बसायची. पन्नाशीची, किडकिडीत, एक दिवसही न चुकवणारी. माहेरी भावाच्या घरात मागच्या खोलीत राहायची. भावजयही वर्गाला यायची आणि नेहमी तिच्याच शेजारी बसायची. साहेबांनी नेमकं मावशीला विचारलं, "यहाँ आकर आपको क्या फायदा हुआ?"

मावशीने मान खाली घातली. "काय न्हाय. टाइमपास होतो."

भावजय खुदकन हसली. मग सगळीच पडवी हसली. साहेबांनी मात्र ते लिहून घेतलं.

महिन्याभरात इंग्रजीत पत्र आलं. कार्यक्रमाचा काही परिणाम दिसत नाही, तीन महिन्यांत मूल्यमापनाचा अहवाल द्या, नाहीतर पुढच्या वर्षीची मदत बंद. मोठ्या बाईंनी पत्र घडी करून चष्म्याच्या घराखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस. असे अहवाल मी खूप लिहिलेत. सगळ्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, स्वाभिमानी झाल्या. दोन फोटो लावायचे, झालं."

"पण तसं झालंय का, हे आपल्याला तरी माहितीये का?"

"तुला वर्ग चालू ठेवायचाय ना?"

"ठेवायचाय. पण पाऊण तासात ते म्हणाले काही नाही, आणि इथे बसून आपण म्हणायचं सगळं आहे. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

बाई रागावल्या. चाळीस वर्षं शाळा चालवलेली बाई, त्यांना कोणी उलटून बोलायचं नसे. शेवटी म्हणाल्या, "तीन महिने आहेत. कर तुला काय करायचं ते. नाही जमलं तर मी माझा अहवाल पाठवणार."

करायचं काय, हे मला मुळीच ठाऊक नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. एखादा कार्यक्रम चालला की नाही चालला हे कसं शोधतात, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं असणार, एवढाच माझा अंदाज. केबिन रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानात विचारलं, तर दुकानदाराने गाइडं पुढे केली. "दसवी का चाहिए के बारवी का?" नगरपरिषदेच्या वाचनालयात कादंबऱ्या आणि दिवाळी अंक. मग कोणीतरी सांगितलं, मुंबईत समाजकार्य शिकवणारं कॉलेज आहे, त्यांच्या ग्रंथालयात मिळेल.

पहिल्या दिवशी दारावरच्या माणसाने विचारलं, "विद्यार्थी आहात?"

"नाही."

"मग संस्थेचं पत्र आणा."

दुसऱ्या वेळी पत्र नेलं, तर पत्रावर नोंदणी क्रमांक नव्हता. तिसऱ्या वेळी क्रमांक होता, पण तो म्हणाला, "फक्त संशोधकांना बसू देतो, मॅडम." मी दारासमोरच्या बाकावर बसले. म्हटलं, मी संशोधनच करतेय, तुम्हाला पटेपर्यंत इथे करते. डबा काढून तिथेच जेवायला लागले. अर्ध्या तासाने आतून ग्रंथपाल बाई आल्या. केस पांढरे, खांद्यावर शाल. त्यांनी माझं पत्र वाचलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाचपर्यंत बसा. पुस्तक घरी मिळणार नाही."

मी आठवड्यातून दोनदा जायला लागले. मूल्यमापनावरची पुस्तकं एका आख्ख्या कप्प्यात होती, सगळी जाड, सगळी परदेशातली. शब्दकोश शेजारी ठेवून मी वहीत उतरवून घ्यायचे. नवरा वही चाळून म्हणाला, "नोकरी करतेयस की पीएचडी?" पण अडलेली वाक्यं रविवारी समजावून द्यायलाही तोच बसायचा.

त्यातली एक युक्ती मी लगेच करून पाहिली. माणसाला विचारायचं की पाचपैकी तुम्ही किती समाधानी आहात. काशीगावात भाजीची टोपली विणणाऱ्या एका आजीला विचारलं. ती म्हणाली, "पाच कशाला? धा लिव. तुला बरा वाटंल."

दुसरी म्हणाली, "तुमी किती सांगता? तेवढाच माजा."

त्या संध्याकाळी मला पुस्तकांचा राग आला आणि माझाही आला. पुढच्या खेपेला मी ग्रंथपाल बाईंना सरळ सांगितलं, "ही पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहिलीत, त्या बायका वेगळ्या असाव्यात. माझ्या बायका मला खूश करायला उत्तरं देतात."

त्या जरा हसल्या. आतल्या कपाटातून त्यांनी एक पातळ पुस्तिका काढून दिली. सायक्लोस्टाइल केलेली, हिंदीत, कडेला टाके घातलेले. कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यात गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनी आपल्याच कामाची तपासणी कशी केली, ते त्यात साध्या शब्दांत लिहिलं होतं. "ही यादीत नाही," बाई म्हणाल्या. "कोणी मागत नाही म्हणून नोंदलीच नाही."

ती पुस्तिका मी एका बैठकीत संपवली. त्यांचं म्हणणं असं होतं: फायदा झाला का असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर माणूस पाहुण्याला देतो. अमुक वेळी तुम्ही काय केलंत, ते विचारा. जे डोळ्यांनी बघता येईल ते बघा. आणि बाईला विचारायचं असेल तर ती एकटी असताना विचारा. एवढं साधं मला का सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

मग मी कामाला लागले. वर्गात आलेल्या आणि वर्ग सोडून गेलेल्या बायकांच्या घरी एकेक करून गेले. बरोबर पाठ्यपुस्तक नेलं नाही. रेशनकार्ड, गोळ्यांचं पाकीट, मुलाचं प्रगतिपुस्तक, लग्नाची पत्रिका असं त्यांच्याच घरातलं काहीतरी हातात द्यायचे आणि म्हणायचे, यात काय लिहिलंय ते सांगा.

जे दिसलं ते बरं नव्हतं. सही जवळजवळ सगळ्यांना येत होती, अगदी वळणदार. पण वाचन बहुतेकींचं सहीपाशीच थांबलं होतं. पुस्तकातले धडे काहींना घडाघडा पाठ होते. पान उलटं धरलं तरी त्या म्हणून दाखवायच्या. दोन वर्षं मी त्यालाच वाचन समजत होते. एके दुपारी परत येताना रिक्षात मला रडू आलं. साहेब बरोबरच होते की काय?

मावशीकडे मी मुद्दाम शेवटी गेले. घरी नाही, शेतावर. ती बांधावर बसून माठाच्या भाजीच्या जुड्या बांधत होती, आसपास कोणी नव्हतं. मी जुड्या बांधू लागले. थोड्या वेळाने विचारलं, "मावशी, इतक्यात कधी हातात कागद आला होता का? काय केलंत त्याचं?"

तिने आधी चहूकडे पाहिलं.

"भावानं आनलाता," ती म्हणाली. "बापाच्या शेताचा. बोलला, आता सही शिकलीस ना, मग कर. मी बोलले, वाचते. तो हसला. मी एकेक अक्षर लावला. सगला न्हाय आला मना. पन वरती मोठ्या अक्षरात व्हता. हक्क. मंग सोड."

हक्कसोड पत्र. शेत बिल्डरला विकायचं होतं, आणि बहिणीचा वाटा त्याआधी सुटायला हवा होता.

"मग?"

"बोलले, डोळ्याला दिसत न्हाय, उद्या करते. मंग परवा. मंग ताप आला. वरीस झाला, केली न्हाय सही."

"अहो, मग साहेबांना टाइमपास का म्हणालात?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकण्याची गरज मलाच होती. "भावजय बाजूला बसलीती ना! वर्गात जाऊन ही कागद वाचाया शिकली असा घरात कळला तर उद्या मना बंद. आन मनाच कशाला, गावातले समदे आपल्या बायांना बंद करतील. तुमी पडवीत एकट्या बसाल."

आमचा वर्ग वाचवायला तिने आमचाच अपमान केला होता, आणि मी तिच्यावर मनातून इतके दिवस रुसले होते.

"हे लिहू नका," ती म्हणाली. "निदान मी हाय तोवर न्हाय."

ती आता नाही. जाण्याआधी तिनेच गावभर सगळं सांगून टाकलं होतं, म्हणून आज लिहितेय.

अहवाल मी मराठीत लिहिला आणि केबिन रोडवरच्या टायपिंग क्लासमध्ये टाइप करून घेतला. सोबत नवऱ्याने केलेला दोन पानी इंग्रजी सारांश. वाचन सहीपाशी अडकलं हे पहिल्याच पानावर लिहिलं, त्यात माझी चूक काय तेही. आणि शेवटी एकच वाक्य: एका बाईने वाचता आल्यामुळे एका कागदावर सही करायचं टाळलं, तपशील तिच्या सांगण्यावरून देत नाही.

मोठ्या बाईंनी वाचून कागद टेबलावर आपटले. "आपल्याच हाताने आपला गळा कापतेस?"

"खरं आहे ते लिहिलंय, बाई. हवी तर सही मी एकटीच करते."

बाईंनी कागद पुन्हा जवळ ओढले. मग पेन उघडून माझ्या नावाच्या वर आपली सही केली.

ट्रस्टच्या कचेरीत आम्ही दोघी गेलो. साहेब सौजन्याने बोलत होते. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ये इंटरेस्टिंग है. हिचं नाव, फोटो, काय झालं ते सगळं द्या. बोर्डाला अशा स्टोऱ्या आवडतात. पुढच्या वर्षाचं मी बघतो."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाव-आडनाव, दोन शब्दांचं काम होतं.

"नाही देणार," मी म्हटलं. "तुम्हाला स्टोरी मिळेल आणि तिचं राहतं घर जाईल."

"मग पुरावा काय? हे मला मोजता येणार नाही."

"नका मोजू. पण मग परिणाम नाही, असं लिहू नका. आम्हाला मोजता आला नाही, असं लिहा. ते खरं असेल."

साहेबांचा चेहरा उतरला. चहा आलाच नाही.

मदत बंद झाली. पत्र आलं ते मी दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की या कार्यक्रमाचा परिणाम मोजणं ट्रस्टला शक्य झालं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी भांडलीस?" मी म्हटलं, हो, एवढ्यासाठीच. त्यांनी कपाटातून खडूचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "उद्या मंगळवार. वर्ग आहे ना?"

वर्ग पुढे आणखी चार वर्षं चालला. मानधन नव्हतं, पडवी होती. पाठ्यपुस्तक मात्र मी बाजूला ठेवलं. सातबाऱ्याचा उतारा, हॉस्पिटलचा केसपेपर, वीजबिल, जे बायका घरून आणतील ते आम्ही वाचायचो. आता सगळ्याच जणी घरचे कागद आणत होत्या म्हणून असेल, पहिल्याच आठवड्यात मावशीने पदराखालून एक जुना उतारा काढला, आणि भावजय शेजारीच बसलेली असताना तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. भावजय हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या माहेरचा उतारा आणला. शेत पुढे विकलं गेलंच, पण मावशीचा वाटा धरून. तिथल्या इमारतीत तळमजल्याची एक खोली तिच्या नावावर झाली, आणि ती शेवटपर्यंत तिथे राहिली.

ही हकीकत कशी कोण जाणे, पसरली. जवळच्या नया नगरमध्ये मुलींचा शिवणवर्ग चालवणाऱ्या एका बाईंनी, तिथे सगळे त्यांना आपा म्हणत, मला बोलावून घेतलं. त्यांनाही कोणीतरी अहवाल मागितला होता. सरबत देऊन त्यांनी हळूच विचारलं, "कितना अच्छा लिख दोगी?"

"जितना होगा उतना," मी म्हटलं. "खराब हुआ तो खराब."

आपांनी सरबताचा पेला बाजूला ठेवला. मग त्यांनी उठून आतल्या खोलीचा पडदा सारला आणि मशीनवर बसलेल्या मुलींना म्हणाल्या, "इनसे एक-एक करके, अकेले में बात करना. और मुझे मत बताना क्या बोला."

मी वही काढली आणि पहिल्या मुलीशेजारी जाऊन बसले.