कात्रीला आत सोडा

खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीला आमची सगळी गल्ली कात्री म्हणते. तोंडावरसुद्धा. ती आणि तिची आई एकाच खोलीत, समोरासमोरच्या मशिनींवर जन्मभर शिवत आल्या आणि जन्मभर भांडत आल्या. गिऱ्हाईक कापड घेऊन दारात उभं, आणि या दोघींची बाहीवरून जुंपलेली.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मोठ्या भावाने फर्मान काढलं: कात्रीने आत पाऊल टाकायचं नाही. मरताना चित्त जसं असेल तसा पुढचा जन्म. माणूस रागात गेलं तर गती वाईट, असं त्याचं ठाम मत. म्हणून खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, हळू आवाजातलं सुत्तपठण आणि तो.

कात्री जिन्यात. वर-खाली, वर-खाली. माझा पुनर्जन्मावर काडीचा विश्वास नाही, पण तिच्या चपलांनी माझं डोकं उठलं.

"बस की जरा," मी म्हटलं.

"मावशी, मला शिव्या घालता घालता ती गेली तर? किडामुंगी होईल, माझ्यापायी."

"आणि तुला न बघता गेली तर?"

पुन्हा चपला.

मी खाली जाऊन आत डोकावले. म्हातारी पांघरुणाची किनार चिमटीत ओढत होती, सोडत होती, दाराकडे बघत होती.

"आसक्ती आहे," भाऊ म्हणाला. "सुटेल."

"सुटतेय डोंबल," म्हणून मी दार सताड उघडलं.

कात्री आली. रडणं नाही, काही नाही. किनार बघून म्हणाली, "ही कुणी शिवली? तिरकी गेलीये."

"तूच, भवाने," म्हातारी पुटपुटली. "उसव."

भाऊ पांढराफटक. कात्री मात्र मांडी घालून उसवायलाच बसली, मग सुई ओवून परत शिवायला.

"दोरा जाड घेतलास."

"असू दे."

"टाके लांब पडतायत."

"दिसतंय मला."

भावाचं पठण अडखळत राहिलं. किनार अर्धी झाली असेल, तेव्हा आईचं टोकणं थांबलं. कात्री पुढे शिवतच होती. लक्षात यायला तिला वेळ लागला.

भाऊ अजून तिच्याशी बोलत नाही. भिक्खूंनाही ती विचारून आली. तो रागच होता कशावरून, असं ते म्हणाले. तेवढ्याने तिचं भागत नाही. ती किनार पुरी करत नाही, कुणाला करूही देत नाही. दुपारी मशीन थांबवून माझ्या दारात येते.

"मावशी, तुम्ही बघितलंत ना. चिडली होती का ती?"

"चिडलेली मी तिला हजारदा बघितलीये. तशी नव्हती."

ती जाते. जिन्यात चपला वाजतात, मध्येच थांबतात आणि परत वर येतात.