आरशाकडे तोंड करून

विद्यापीठाच्या कुटुंब अभ्यास आणि समुपदेशन केंद्रात मी स्वागतकक्षात बसायचे. केंद्राचं नाव एवढं लांबलचक की फोन उचलून ते पूर्ण म्हणेपर्यंत पलीकडच्याचं निम्मं भांडण निवळत असेल. दारातून आत आलेल्या माणसाला आधी मी दिसायचे, मग बाकीचे. जोडप्यातलं कोण आधी बसतं, कोण मधे एक खुर्ची सोडून बसतं, हे बघत माझे केस पांढरे झाले. पण सांगायचंय ते आमच्या पिताश्रींबद्दल.

माझे वडील नव्हेत ते, केंद्राचे तंत्रज्ञ. बोलणं बेताचं, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. आमच्याकडे एका खोलीच्या भिंतीत मोठा आरसा होता. आत बसलेल्या कुटुंबाला त्यात आपलीच तोंडं दिसायची, आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतल्या विद्यार्थ्यांना मात्र ती साधी काच. चोरून काही नव्हतं. कुटुंबाला आधी सगळं समजावून सांगायचं, आणि कुणी नको म्हणालं तर पलीकडून पडदा ओढायचा. तो पडदा, माइक आणि कॅमेरा, सगळं या गृहस्थांच्या ताब्यात.

आता नव्या विद्यार्थ्यांना एकदम खऱ्या कुटुंबांवर सोडणं म्हणजे त्या कुटुंबांवर सूड उगवणं. म्हणून आधी सरावाचं कुटुंब असायचं. कॅन्टीनच्या मावशी आई व्हायच्या, पीएचडीचा एखादा विद्यार्थी मुलगा व्हायचा, आणि ग्रंथपाल वडील. एका वर्षी ग्रंथपाल आयत्या वेळी आलेच नाहीत. संचालिका मॅडमनी समोर दिसेल त्याला धरलं. "तुम्हाला काय करायचंय? नुसतं गप्प बसायचं!" हे गृहस्थ असे काही गप्प बसले की समुपदेशन करणाऱ्या पोराला घाम फुटला. तेव्हापासून वडिलांची भूमिका यांच्या गळ्यात पडली, आणि मी त्यांचं नाव पिताश्री ठेवलं.

भूमिका एका कडक बापाची. मुलगा रागावून घर सोडून गेलाय, बाप मूग गिळून बसलाय. विद्यार्थ्यानं नीट विचारलं तर बापानं शेवटी मऊ व्हायचं. पण मऊ होऊन म्हणायचं काय? पिताश्रींना ते काही केल्या सुचेना. घरी जेवणाच्या टेबलावर ते तालीम करायचे आणि शाळेत जाणारी त्यांची लेक विद्यार्थी होऊन प्रश्न विचारायची. तीच एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, त्या माणसाला राग नाही आलाय. तो घाबरलाय. तेच सांगा ना सरळ."

झालं. पुढच्या तासाला पिताश्रींनी चष्मा काढला, आरशाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मी रागावलो नव्हतो. घाबरलो होतो. ते सांगता आलं नाही मला." काचेपलीकडे निम्मा वर्ग रडत होता. आरशाकडे तोंड करायचं मॅडमनीच शिकवलं होतं, चेहरा विद्यार्थ्यांना दिसला पाहिजे म्हणून. मग वर्षानुवर्षं तेच. तोच चष्मा, तेच वाक्य, नवा वर्ग. तास सुटला की मी विचारायचे, "काय पिताश्री, आज किती बादल्या भरल्या?" ते हसायचे. आपल्याला हे छान जमतं याचा त्यांना थोडा अभिमानही होता, आणि का नसावा?

लेक मोठी झाली, शिकायला दूरच्या शहरात गेली. तिच्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर पिताश्रींची बायको आजारी पडली. आजार साधा नव्हता, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम त्यांना म्हणाल्या, मीही म्हटलं, लेकीला बोलवून घ्या. "परीक्षा होऊ दे," एवढंच त्यांचं उत्तर. फोनवर तिला सांगायचे, ताप आहे, उतरेल. तिला ताकास तूर लागू दिली नाही. परीक्षा झाली, ती घरी आली, तोवर आई गेली होती.

तिनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ती परत गेली, नोकरीला लागली, आणि तिनं बापाशी बोलणं सोडून दिलं. पिताश्री तेवढ्या काळात वाळून काटकी झाले. शेवटी मॅडमनी तिला स्वतः फोन केला. एकदाच येईन, म्हणाली. पडदा बंद हवा आणि रेकॉर्डिंग नको.

त्या दिवशी पिताश्री सकाळीच आले. पडदा ओढला, पुन्हा जाऊन बघितला. माइक सगळे काढून माझ्या टेबलावर आणून ठेवले. "राहू देत तुमच्याकडे," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, आपलीच लेक आहे." तर म्हणाले, "म्हणून तर."

ती आली. आईसारखी दिसायला लागली होती. दोघं मॅडमबरोबर आत गेली. मी अर्धा कप चहा पिते न पिते तोच दार उघडलं आणि ती एकटी बाहेर आली. माझ्याकडे बघून "येते" म्हणाली आणि गेली.

आत काय झालं ते पिताश्रींनीच मला मागच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. मॅडम असल्या गोष्टी मेल्या तरी बोलणार नाहीत. लेक आधी बोलली. म्हणाली, "मी पोहोचले तेव्हा आईची खाट आवरून ठेवलेली होती. तेवढंच बघायला बोलावलंत मला." मग पिताश्रींची पाळी आली. रात्रंदिवस विचार करून काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. पण ठरवलेलं सगळं पळालं, आणि तोंडात आलं ते रुळलेलं वाक्य. त्यांनी चष्मा काढला. आरशाकडे वळले. "मी घाबरलो होतो. ते सांगता आलं नाही मला."

लेकीनं खांद्याला पर्स लावली. मग म्हणाली, "बाबा, तिकडे आज कुणी नाहीये." आणि उठली.

"खोटं नव्हतं हो ते," पिताश्री मला म्हणाले. "घाबरलोच होतो मी. पण वळलो कशाला मी तिकडे? ती इकडे बसली होती."

मला त्यांचा भयंकर राग आला. मॅडमचा आला, त्या आरशाचा आला, रडणाऱ्या त्या सगळ्या वर्गांचा आला. आणि कीवही तेवढीच आली. पिताश्रींनी त्यानंतर वडील व्हायचं बंद केलं. पुढच्या वर्षी ग्रंथपाल पुन्हा बाप झाले. त्यांना बघून कुणी रडत नसे.

काही महिन्यांनी एका सकाळी लेकीचा फोन आला. त्यांना नाही, मला. "बाबा बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. "मी विचारलं म्हणून सांगू नका." मी कसली गप्प बसते! रिसीव्हर ठेवला आणि तडक वायरींच्या खोलीत गेले. पिताश्रींनी फक्त विचारलं, "आवाज कसा होता?" मग अधूनमधून तिचा फोन यायला लागला. तेव्हा पिताश्री जवळपास असले तर टेबलासमोर उभे राहून माझं उत्तर ऐकायचे. मी रिसीव्हर पुढे केला की नको म्हणून मान हलवायचे.

एकदा मात्र मी "बरे आहेत" म्हणतेय तोच त्यांनी हात पुढे केला. रिसीव्हर घेतला. चष्मा नाकावरच होता.

"मी बोलतोय," म्हणाले. "ऐक. तू फोन करायचीस तेव्हा मी सांगायचो, आई झोपलीय. ती झोपलेली नसायची. जागी असायची. मला विचारायची, कधी येतेय ती? मी म्हणायचो, निघालीय. रोज म्हणायचो."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं, एवढी शांतता होती. म्हणाली, "तिला वाटलं, मी निघालेय?"

"हो."

मग पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला. पिताश्रींनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला आणि कामाला गेले. त्या दिवशी त्यांनी एक जुना पंखा दुरुस्त केला, नीट केला.

खरं बोलले ते, आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याशी एवढं खरं बोलले. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. आई वाट बघत गेली, हे घेऊन ती कुठे बसली असेल, मला कल्पनाही करवत नाही. सांगायला नको होतं का? आधी सांगायला हवं होतं, एवढंच मला कळतं.

पिताश्री आता निवृत्त झालेत. महिन्यातून एखादी चक्कर मारतात. माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, नव्या तंत्रज्ञाला नावं ठेवतात, चहा घेतात. फोनचं मात्र विचारत नाहीत. मला ‘नाही’ म्हणायला लागू नये, म्हणून विचारत नाहीत.