डॉक्टरांच्या पाया पडताना

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी शेजारच्या काशिनाथकाकांना सरकारी दवाखान्यात नेलं होतं. उभा जन्म पोती वाहून त्यांची कंबर गेलीय. दाखला नाही मिळाला, तर पुन्हा हमालीच. खोलीत शिरताच काका सवयीने वाकले आणि डॉक्टरांच्या पाया पडले.

"अरे वा! वाकता येतं की, काका!" डॉक्टर म्हणाले.

काकाही हसले. "आपली कृपा, साहेब."

एकदा वाकणं वेगळं आणि पाठीवर पोतं घेऊन दिवसभर वाकणं वेगळं, हे मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं. "तुम्ही बाहेर थांबा," एवढंच उत्तर मिळालं.

माणूस दिवसभर काय करू शकतो, हे दोन मिनिटांत कसं कळतं हो? आणि त्याचा आदरसुद्धा त्याची ताकद म्हणून धरला जाणार असेल, तर त्याने तिथे उभं तरी कसं राहायचं? या तपासणीची मला आता खरोखर भीती वाटते.

काका बाहेर आले ते भिंतीला धरून. बाकावर टेकताना कळवळले. मग हळूच म्हणाले, "साहेब खूश दिसले ना रे?"

"हो" म्हणत मी त्यांच्या कंबरेला हाताचा आधार दिला.