पत्र्यातला सूर्य

"सूर्य दिसता रे! जा घराक."

आमच्या मेस्त्रींनी एवढं म्हटलं की समोरच्या वेल्डरने समजायचं, नापास. भंगारातल्या मोटारीच्या दाराचे दोन वीतभर तुकडे जोडायला द्यायचे, जोडून झाले की पत्रा आकाशाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळायचा. टाचणीएवढा उजेड आरपार आला की खेळ खलास. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतक्या खोडी काढत नाहीत हो!

तोंडवलीच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज, समोर माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे तमाशा मला फुकट. खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडच्या गाड्या कुजतात, म्हणून मेस्त्रींचं गिऱ्हाईक कधी आटलं नाही. आटली ती त्यांची नजर. डॉक्टरने वेल्डिंग बंद करायला सांगितलं आणि त्यांना दुसरा वेल्डर शोधणं भाग पडलं. नाहीतर गॅरेजला कुलूपच.

मालवणात वेल्डर काय कमी आहेत? पण कोणी जन्मभर गेटं केलेली, कोणी ग्रिल, कोणी ट्रॉलर. सगळी जाड लोखंडाची सवय. असला माणूस मोटारीच्या पत्र्याला भिडला की पत्र्याची आंबोळी होते, चांगली जाळीदार. एकाने वर तोंड करून सांगितलं, "मेस्त्री, तुमचा मशीनच जुना आसा."

"मशीन काय बघतंस? एक टाको घाल नि थांब. आधी थंड होवंदे, मगे दुसरो टाको. तुका घाई कसली? लगीन आसा तुझा?"

तो गेल्यावरही, नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांनी अर्ध्या वाडीला ऐकवलं.

जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मेस्त्रींकडे उलटं. त्यांचा मुलगा दिगू ट्रॉलरच्या कामावर वेल्डर होता. त्याला त्यांनी तीनदा नापास केलं, आणि तेही चारचौघांत. "चाळण बरी केलंस. बायलेक दी, पीठ चाळूक." तिसऱ्या वेळी दिगू सरळ गोव्याला गेला आणि तिथल्या जहाजांच्या कारखान्यात लागला. "गेलो तर गेलो," मेस्त्री मला म्हणाले. मग संध्याकाळपर्यंत एकच दार पॉलिश पेपरने घासत बसले. मी मनात म्हटलं, घास बाबा, घास.

पुढे पुढे तर प्रत्येकाच्याच पत्र्यात सूर्य दिसायला लागला. एकदा दोडामार्गहून एक जण आला. शांत माणूस, हात हलका. त्याचाही पत्रा वर गेला आणि "सूर्य दिसता रे!" तो मात्र उठला नाही. पत्रा घेऊन सरळ माझ्या दुकानात आला. "तुमी बघा." मी उन्हात धरून बघितला, उलटापालटा केला. एकसुद्धा भोक नव्हतं. माझं डोकंच फिरलं. रस्त्यापलीकडून ओरडलो, "मेस्त्री, भोक पत्र्यात नाय, तुमच्या डोळ्यांत आसा!"

बोललो आणि जीभ चावली. दोडामार्गवाल्याने मोटारसायकलला किक मारली, तो काही थांबला नाही. मेस्त्री स्टुलावर बसले. तिथूनच मला म्हणाले, "म्हणजे, आधीच्यांचाय असाच झाला काय रे?"

आठ दिवस गॅरेज बंद होतं. माझ्या तोंडाला कुलूप लावायला मात्र कोणी आलं नाही, ते तेव्हा हवं होतं.

नवव्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "दिगूक फोन लाव."

दिगू आला. पत्रा हातात घेण्याआधीच त्याने सांगून टाकलं, "बाबा, ह्या खेपेक नापास झालंय तर परत येवचंय नाय."

वीतभर सांध्याला त्याने सकाळ घालवली. टाका, थांब. टाका, थांब. मेस्त्री डोळे मिटून नुसते आवाज ऐकत होते. झाल्यावर त्यांनी पत्रा घेतला. या वेळी तो आकाशाकडे नेला नाही, माझ्या हातात दिला.

"तू बघ. तू खरा बोलतंस."

मी पत्रा उन्हाकडे धरून एक डोळा मिटला. अगदी कडेला, सुईच्या टोकाएवढा, लखलखीत सूर्य. दिगू माझ्याकडे बघत होता.

"दिसणा नाय."

"नीट बघ."

"दिसणा नाय, मेस्त्री."

त्यांनी पत्रा परत घेऊन सांध्यावरून अंगठा फिरवला. कडेला तो जरा रेंगाळला. मग म्हणाले, "बरां. मगे उद्या तुझीच गाडी पयली लाव. छप्पर कुजलाहा तुझ्या गाडीचा." आणि हसले. लबाड म्हातारा!

मेस्त्री जाऊन दोन वर्षं झाली. गॅरेज दिगू चालवतो, हात आता बापाइतका बसलाय. पण माझ्या गाडीचं छप्पर त्याचं पहिलं काम. वरची पुट्टी उडाली, आतलं कापड केव्हाच फाटलं, आणि भर दुपारी गाडीत बसलं की माझ्या गुडघ्यावर उजेडाचा एक ठिपका पडतो. परवा गाडी गॅरेजसमोर उन्हात उभी होती. दिगूने आत डोकं घातलं, वर बघितलं आणि थेट बापासारखा एक डोळा मिटला.

"काका, त्या दिवशीय सूर्य दिसत होतो ना?"

मेस्त्रींची फार, फार आठवण झाली.

"पत्रो तापलोहा," मी म्हटलं. "आधी थंड होवंदे. मगे टाको घाल."