बकारामचे पाच व्होल्ट

बकाराम आमच्या गावचा घरजावई. मूळचा दरेकशाचा. बायको धुरपता एकुलती एक, तिच्या बापाला म्हातारपणी पाहायला कोणी नव्हतं, म्हणून लग्नानंतर तो इकडे चिचगडजवळ राहायला आला. घर सासऱ्याचं, शेत सासऱ्याचं, सातबाऱ्यावर नाव धुरपताचं. गावाने त्याला कधी वाईट वागवलं नाही. पण नावाने हाकही मारली नाही. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा तो 'जवाई'. ग्रामसभेत बोलायला उठला की मागून कोणीतरी म्हणे, "जवायानं जेवावं गा, बोलू नये." लोक हसत. तोही हसे आणि खाली बसे.

गावात त्याच्या नावाची एकच गोष्ट होती. मंडईतली जागा.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे उतरतात, रात्री दंडारीचं नाचगाण्याचं नाटक होतं, दुकानं लागतात. जागेचा रिवाज असा की गेल्या वर्षी ज्याने जिथे दुकान चालवलं, तिथे यंदाही तोच. एक वर्ष चुकलं की जागा गेली. शाळेच्या भिंतीला लागून बकारामचा व्हिडिओ गेम उभा राही. माणसाएवढा उंच प्लायचा डबा, आत टीव्हीसारखा पडदा, खाली दांडी आणि बटणं. गोंदियातलं एक गेमचं दुकान बंद पडलं तेव्हा त्याने तो आणला होता. मोबाईल आले तरी पोरं येत राहिली. बटणं धाडधाड आपटायची मजा मोबाईलवर नाही. बाहेरगावचे पाहुणे एकमेकांना सांगत, "बकारामच्या गेमजवळ भेटजो." त्या एका दिवसापुरतं ते नाव सगळ्यांच्या तोंडी असे.

मी चिचगडच्या लाकूड डेपोत ओंडके चढवले आणि उतरवले. त्यातच उमर गेली. आता घरी असतो. बकारामच्या ओसरीवर बसायला जातो, म्हणून पुढचं पाहिलेलं आहे.

गेल्या हंगामात मशीनमध्ये खोट आली. खेळ रंगात आला की पडदा थरथरे, विझे आणि खेळ पहिल्यापासून सुरू होई. पोरं ओरडत, "जवाई, माझा माणूस मेला ना!" बकाराम म्हणे, "लाईन उतरली, बापा. मी काय करू?"

आमच्याकडे सगळा दोष लाईनचा. बल्ब पिवळा झाला तरी लाईन, मोटर जळली तरी लाईन. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की हे खरंही असतं. त्यामुळे दुसरीकडे कोणी पाहतच नाही. बकारामनेही पाहिलं नाही.

डब्यात एक सप्लाय असतो. भिंतीतली वीज घेऊन तो पाच व्होल्ट बनवतो आणि वायरीने बोर्डाला देतो. खेळ त्या बोर्डात असतो. पाचाच्या फार खाली गेलं की बोर्ड दम सोडतो. सप्लायवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की व्होल्ट वाढतात. बकाराम बोर्डावर मीटर लावी. साडेचार दिसले की स्क्रू फिरवून पाच करी. खेळ चाले. पुढच्या गावच्या मंडईत पुन्हा साडेचार, पुन्हा स्क्रू. असा त्याने अख्खा हंगाम काढला.

यंदा आमच्या मंडईच्या आधी स्क्रू शेवटाला लागला. पुढे फिरेना, आणि बोर्डावर साडेचारच. तेव्हा तो पहिल्यांदा थांबला. ओसरीवर डबा उघडून बसला आणि एकेक ठिकाणी मीटर लावत गेला. भिंतीत वीज पुरी होती. सप्लायच्या तोंडाशी सहाच्या वर. बोर्डावर साडेचार.

"मामाजी," तो मला म्हणाला, "लाईन चोर नाही. चोर घरातच आहे."

चोर म्हणजे बोर्डाच्या कडेला बसणारी पिनांची पट्टी. दोन पिना काळ्या झाल्या होत्या, भोवतीचं प्लास्टिक भाजल्यासारखं तपकिरी. वीज तिथेच अडून तापत होती. सगळा हंगाम तो जळक्या पिनांतून जोर लावून वीज ढकलत होता.

दिवस धानकापणीचे. पहाटे शेतात जाऊन तो दुपारी परत येई आणि हात धुऊन डब्यापाशी बसे. जळक्या पिना कापून काढल्या. नव्या लावल्या. एका पिनेचं झाळण त्याला फिकं वाटलं, तर वितळवून पुन्हा केलं. बोर्डाची कड खोडरबराने घासली, तांबं चमकेपर्यंत. अर्धा हात वायर जुनी वाटली, ती बदलून जाड टाकली. बोटं विळ्याने चिरलेली, तरी घाई नाही. काम पाहून मला बरं वाटलं. डेपोत असा एक माणूस टोळीत असला की ओंडका कोणाच्या पायावर पडत नसे.

शेवटचं टोक जोडून तो मीटरकडे हात नेत होता, तेवढ्यात भैय्यालाल आला. मंडईच्या कमिटीचा तो प्रमुख.

"काय जवाई, मशीन जित्ती आहे का मेली?"

"जित्ती आहे."

"मंग दाखवा. तो घसरगुंडीवाला माझ्या घरी बसून राहिला. हवेनं फुगवाची घसरगुंडी आहे त्याची. शाळेजवळची जागा मांगते. त्याले हो का नाही, सांगा लागते ना मले."

धुरपता दारात आली. "चहा घ्या ना भैय्यालालभाऊ. तवरक होते."

"चहा मंग, बाई. पयले मशीन. गेल्या साली अर्धी मंडई बंद होती तुमची. लोकं मलेच शिव्या देतेत."

"बंद नव्हती," बकाराम म्हणाला. "थांबत थांबत चालली."

"तेच म्हणून राहिलो मी. थांबत थांबत तर माझी बुढीही चालते."

बकारामचा चेहरा तांबडा झाला. मीटर मांडीजवळ होतं. ते त्याने बाजूला सारलं, पट्टी बोर्डावर दाबून बसवली आणि बटण टाकलं.

पडदा उजळला. इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. रंग ठळक, चित्र जागचं हलत नव्हतं, गाणं सुरात. भैय्यालाल पुढे वाकला.

"वा रे बकाराम!"

नावाने म्हणाला. बकारामने वळून त्याच्याकडे पाहिलं. पाठीमागे पडद्यावर आडव्या रेघा उतरल्या, मग नुसती अक्षरं, मग काही नाही. जळका वास आला. मी ओरडलो. बकारामने वायर खेचली आणि बोर्डाला हात लावला. बोट चटकन मागे घेतलं.

थोड्या वेळाने त्याने पट्टी सोडवली, नुसता सप्लाय चालू केला आणि मीटर लावलं. सहाच्या वर. हाच आकडा त्याने स्वतः वाचला होता. पण मन पिनांवर होतं, आणि नंतर भैय्यालालवर. जळक्या पिना मध्ये होत्या तोवर त्या जास्तीचे व्होल्ट खात होत्या. पिना नीट झाल्या आणि सगळं बोर्डावर गेलं.

"काम उलटं झालं, मामाजी. पयले स्क्रू मागं घ्याचा होता."

काम उलटं झालं हे खरं. झालेलं काम चोख होतं, हेही खरं. त्या चोखपणाचा उपयोग झाला नाही.

भैय्यालाल वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "डबा उभा करून ठेवा. बंद तर बंद. मी चालू पाह्यली, कमिटीत तसंच सांगतो. जागा राहते तुमची."

"जळताना पाह्यली तुमी. चालताना नाही."

"आता तेही मीच सांगू का लोकाईले?"

"ठेवा ना जी," धुरपता म्हणाली. "कोणाचं काय जाते? एका दिवसाची तर गोठ आहे."

"बंद डब्याजवळ दिवसभर बसू? लोक म्हणतीन, जवायाले गावानं दया करून बसवलं."

"लोकं काहीच म्हणत नाही. तुमीच म्हणता."

तो डब्याचं फळकूट लावून एकेक स्क्रू कसायला लागला. भैय्यालाल चहा न घेताच गेला. घसरगुंडीवाल्याला त्याच संध्याकाळी होकार मिळाला.

बोर्ड घेऊन बकाराम गोंदियाला गेला. तिथला मिस्त्री म्हणाला, "चाचा, ये माल अब आता ही नहीं." तो बोर्ड तसाच गमछ्यात गुंडाळून परत आला. पुढे धुरपताने डब्यातला पडदा काढून ठेवला आणि आत कोंडा भरला. उंदीर लागत नाहीत, म्हणते.

मंडईच्या सकाळी पाहुण्यांना आणणाऱ्या गाड्या गावात शिरत होत्या. मी रस्त्यावर उभा होतो. बकाराम पिशवी घेऊन समोरून आला. धुवट शर्ट, पायात चप्पल.

"कुठं गा?"

"दरेकशाले. भावाकडे."

"आज? घरी पाहुणे येतीन ना."

"धुरपताचेच येतेत. तीच पाह्यते." त्याने देवरीहून ये-जा करणाऱ्या गाडीला हात केला. गाडी थांबली. त्यातून पोरंबाळं घेतलेल्या दोन बाया उतरल्या. बकाराम बाजूला झाला, एकीचं लेकरू धरून खाली उतरवून दिलं आणि रिकाम्या गाडीत जाऊन बसला.