दोनशे वर्षांपूर्वी पंखा नव्हता

किस्से कोणी जमवत नाही. ते सतरंजीखाली साचतात. सकाळी सतरंजी झटकली की बाहेर पडतात. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाची सतरंजी मी बरीच वर्षं झटकली, म्हणून माझ्याकडे एवढे आहेत.

फौजेतून हवालदार म्हणून सुटलो. शिक्षण चौथी. मंडळाच्या सभागृहाची व्यवस्था माझ्याकडे. तेव्हा घरोघर टीव्ही येत होते आणि इतिहासाचे प्रोफेसर दामले सरांना दोनशे वर्षांपूर्वीचं गाणं सापडलं होतं! दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते ध्रुपद गात. तेही तेव्हा गात तसंच. माइक नाही, हार्मोनियम नाही, विजेचा दिवा नाही.

एप्रिलमध्ये मी पंखा लावला. सर म्हणाले, "हवालदार, दोनशे वर्षांपूर्वी पंखा नव्हता."

"होता सर. ओढायला माणूस असायचा. बोलावू?"

पंखा बंद राहिला. माणूसही आला नाही.

*

ध्रुपदात आधी लांबलचक आलाप. त्यात पखवाज वाजत नाही. साथीला चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, पंडितजी येत. ते पखवाज मांडीवर घेऊन गप्प बसलेले.

मंडळातले कर्नलसाहेब माझ्या कानाशी लागले. "हवालदार, सुरू कधी होणार?"

"साहेब, मघाशीच झालं."

"अच्छा! मग संपणार कधी?"

तेवढ्यात मागून एक बाई कळवळल्या, "अहो, त्या पखवाजवाल्याला नुसतं बसवून ठेवलंय. चहा तरी द्या!"

दिला. पंडितजींनी आलापातच प्यायला. त्या दिवशी तेवढीच दाद मिळाली.

*

एकदा सगळीकडे पणत्या लावल्या. शेजारचे माथुरजी खिडकीतून डोकावले. भला माणूस. म्हणाले, "हवालदारजी, हमारे यहाँ तो लाइट है. तार जोड़ दूँ?"

सरांनी त्यांना जुन्या संगीताचं महत्त्व समजावलं. माथुरजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "मतलब, बिल नहीं भरा क्या?"

*

पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक थापतात. त्याशिवाय आवाज घुमत नाही. एकदा पंडितजी कणीक विसरले. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, घरून गोळा मागवला. पोळ्यांसाठी भिजवलेला.

सर गात होते. पंडितजींनी जोराची थाप मारली. गोळा सुटला तो थेट कर्नलसाहेबांच्या मांडीवर!

साहेब म्हणाले, "नेम चांगला आहे."

सर गाणं थांबवून वहिनींवर कडाडले, "कणकेत तेल कशाला घातलंत?"

"तेल नसलं की पोळ्या कोरड्या होतात म्हणून ताट कोण सरकवतं?"

सर पुन्हा आलापाकडे वळले.

*

मग मीटिंग झाली. सेक्रेटरी डॉक्टर काळे म्हणाले, "सर, जूनपर्यंत सभागृह भरलं नाही तर तुमचा शनिवार हाउजीला."

"माझं गाणं गर्दीसाठी नाही."

"मग घरी गा!"

त्यांच्या क्वार्टरची भिंत प्रिन्सिपॉलच्या बेडरूमला लागून. घरी गुणगुणलं तरी भिंतीवर धपधप व्हायची. शनिवार गेला की गाणंच गेलं.

मी मीटिंगमध्ये बोललो नाही. मला तरी कुठे आवडत होतं?

*

जून आला. सभागृह भरलं नाही. दुसऱ्या शनिवारी हाउजी लागली आणि तेव्हा मात्र पाय ठेवायला जागा नव्हती! पंखे गरगरत होते, डॉक्टर माइकवरून आकडे पुकारत होते. पंडितजींना कोणी कळवलंच नव्हतं, ते पखवाज घेऊन आले होते. सर त्यांना परत न्यायला आले आणि दोघेही दाराशीच अडकले.

लाइट गेली.

माइक मुका झाला. डॉक्टर ओरडून आकडे सांगू लागले. पुढच्यांना एक ऐकू येई, मागच्यांना दुसरा. पोरं रडायला लागली. घरी जायला निघालेले एकमेकांच्या चपला तुडवू लागले.

दाराशी सरांनी सूर लावला.

माइकशिवाय त्या सभागृहाच्या पार टोकापर्यंत पोचायची सवय एकाच माणसाला होती. उठलेले खाली बसले. सर अंधारातून वाट काढत मधोमध जाऊन बसले, मागोमाग पंडितजी. घामाच्या धारा लागल्या होत्या. वारा घ्यायला वर केलेली हाउजीची तिकिटं लोकांच्या हातात तशीच राहिली.

मग लाइट आली. पंखे खडखडले. माइक किंचाळला.

मी मेन स्विचजवळ उभा होतो. खाली ओढला.

काळोखातून डॉक्टर काळे म्हणाले, "हवालदार, परत गेली?"

"गेली."

तेवढ्यात खिडकीत माथुरजी. "हवालदारजी, हमारे यहाँ तो आ गई! तार जोड़ दूँ?"

मी म्हणालो, "अंदर आके बैठ जाइए. अभी शुरू हुआ है."